गाडीचा लहान पोचा: घरी काय करावे आणि कारागिराकडे काय न्यावे

गाडीला पोचा पडला की बहुतेक जण आधी त्याचा आकार पाहतात आणि तो लहान असला तर घरीच काढू, मोठा असला तर गॅरेजला नेऊ, असे ठरवून टाकतात. हा निकष फसवा आहे. तळहाताएवढा पण उथळ आणि गोलाकार पोचा कधीकधी अर्ध्या तासात निघतो, तर दाराच्या कडेवरचा नखाएवढा पोचा निष्णात कारागिराचाही घाम काढतो. निर्णय घ्यायचा तो तीन गोष्टी पाहून: रंग शाबूत आहे का, पोचा कशावर पडला आहे आणि नेमका कुठे पडला आहे. यातही रंगाचा प्रश्न सर्वात आधी येतो, कारण कारखान्यात लागलेला मूळ रंग एकदा गेला की तसाच्या तसा परत मिळत नाही.

यामागचे कारण नीट समजून घ्यावे. कारखान्यात गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा विद्युतप्रवाह सोडलेल्या प्रायमरच्या टाकीत पूर्ण बुडवतात, त्यामुळे सांध्यांच्या आतल्या फटींतही थर बसतो. त्यानंतर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट चढतो आणि हे थर शंभर अंशांच्या बऱ्याच वर भाजले जातात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढे भरतात. गॅरेजमध्ये गाडी येते तेव्हा तिला तारा, प्लॅस्टिक, रबर आणि टायर जोडलेले असतात, म्हणून रंग मारण्याच्या चांगल्या बंदिस्त खोलीत, म्हणजे बूथमध्येही, रंग साधारण ६० अंशांच्या आसपासच सुकवता येतो. गॅरेजचे काम उत्तम असू शकते, पण ते मूळ कामाची बरोबरी करत नाही. शिवाय जुनी गाडी घेणारे व्यापारी रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र प्रत्येक पॅनेलवर ठेवून पाहतात आणि पुन्हा रंगवलेला भाग त्यांना लगेच कळतो. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एका भूमिकेतून दिला आहे: रंग शाबूत असेल तर तो वाचवणे हे पोचा काढण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

आधी तपासणी

गाडी स्वच्छ धुऊन कोरडी करावी, कारण धुळीच्या थराखाली पोच्याची कड दिसत नाही. त्यानंतर गाडी ट्यूबलाइटखाली किंवा एखाद्या इमारतीच्या सरळ कडेचे प्रतिबिंब पत्र्यावर पडेल अशी उभी करावी आणि खाली वाकून, तिरक्या नजरेने त्या प्रतिबिंबाकडे पाहावे. जिथे रेघ वाकते तिथे पोचा सुरू होतो आणि जिथे ती उलट्या बाजूला फुगते तिथे पत्रा वर आलेला असतो. हा वर आलेला भाग नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही, पण पुढचे सगळे काम त्यावर अवलंबून असते. समोरून, बाजूने आणि लांबून फोटो काढून ठेवावेत. विम्याचा विचार करायचा झाला तर ते उपयोगी पडतात.

पुढे रंग पाहावा. ओरखड्यावरून नख आडवे फिरवल्यावर ते अडकत नसेल तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटपुरताच आहे. त्या जागी पाणी लावल्यावर तो नाहीसा झाल्यासारखा दिसला, तर हा अंदाज पक्का होतो. पोच्याच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा किंवा चांदणीच्या आकाराचे तडे दिसले, तर रंग फुटलेला आहे. बोटाला काही जाणवत नसले तरी त्या भेगांतून पाणी आत जाते, म्हणून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका टाकून हा भाग सावकाश पाहावा.

मग एक लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पॅनेलला लावून पाहावा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची दारे, फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) आणि छत पोलादी पत्र्याचे असते, त्यामुळे तो घट्ट चिकटतो. काही गाड्यांचे बॉनेट किंवा डिकीचे दार ॲल्युमिनियमचे असते, तिथे तो चिकटत नाही. ॲल्युमिनियम लवकर ताठरते, जास्त ताणले तर चिरते आणि पोलादाइतके सहज पूर्ववत होत नाही, म्हणून त्यावर घरी प्रयोग करू नयेत. आणि पोलादी पॅनेलवर एखाद्या ठिकाणीच चुंबक ढिला पडत असेल, तर तिथे पूर्वी कोणीतरी जाड लांबी (खळगा बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. अशा जागी ओढण्याचे कोणतेही साधन लावल्यास रंगासकट लांबीचा खपला निघण्याची भीती असते.

शेवटी जागा पाहावी. सपाट किंवा हलक्या गोलाईच्या भागाच्या मधोमध पडलेला पोचा सर्वात सोपा असतो. दाराच्या कडेला पत्रा दुमडून दुहेरी केलेला असतो, तर पॅनेलवरून धावणाऱ्या उठावदार रेषेवर तो आधीच वाकवून कडक झालेला असतो. या दोन्ही ठिकाणचे काम कारागिराचेच. दारांमधले खांब आणि दाराखालचा लांब पट्टा हे तर गाडीच्या सांगाड्याचे भाग आहेत. तिथला पोचा कितीही किरकोळ दिसला तरी तो जाणकाराला दाखवावा. विजेवरच्या गाडीत बॅटरी तळाशी असते, त्यामुळे खालून किंवा त्या पट्ट्यावर मार बसला असेल तर गाडी थेट कंपनीच्या सेवाकेंद्रात न्यावी.

पोचा कसा निघतो

गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर हलका दाब पडला तर तो वाकतो आणि सुटल्यावर परत येतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की पत्रा ताणला जातो आणि त्या जागी आधीपेक्षा कडक होतो. ताणलेल्या जागेभोवती पत्र्याचा एक कडा उभा राहतो आणि तोच आतल्या भागाला खाली धरून ठेवतो. म्हणून मधोमध जोर लावून पोचा ‘बाहेर फेकता’ येत नाही. पितळेच्या कळशीचा पोचा काढणारा कारागीर जसा कडेकडेने, हलक्या ठोक्यांनी धातूला मूळ जागी आणतो, तसेच इथेही एकाच वेळी आतला भाग वर आणि उभा राहिलेला कडा खाली न्यावा लागतो. इंटरनेटवर हेअर ड्रायरने पत्रा तापवून त्यावर बर्फ किंवा थंड फवारा मारण्याचा उपाय फार फिरतो. पोलादी पत्रा एवढ्याशा तापमानबदलाने इतका हलत नाही की ताणलेला भाग आकसावा, आणि अचानक गार झालेल्या रंगाला मात्र तडा जाऊ शकतो. त्यात वेळ घालवू नये.

घरी करण्याजोगे: बंपर

नवख्या माणसाने सुरुवात करायची असेल तर बंपरपासून करावी. लोक त्याला फायबरचा बंपर म्हणतात, पण बहुतेक गाड्यांत तो पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लॅस्टिकचा असतो आणि हे प्लॅस्टिक गरम झाल्यावर मऊ होऊन मूळ आकाराकडे परतू पाहते. सोसायटीच्या खांबाला मागे घेताना बंपर आत गेला असेल आणि रंग फुटलेला नसेल, तर हा उपाय खरोखर चालतो.

हे काम दुपारच्या उन्हात करावे, म्हणजे रंगही थोडा लवचीक झालेला असतो. आधी बंपरच्या मागे हात कुठून जाईल ते शोधावे. चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर काही स्क्रू आणि क्लिपांनी बसवलेले असते, ते एका बाजूने सोडवले की बहुधा वाट मिळते. मागे पार्किंग सेन्सरच्या किंवा फॉग लॅम्पच्या तारा असतील तर त्या कुठे आहेत हे लक्षात ठेवावे. त्यानंतर उकळीला आलेले पाणी पोच्यावर आणि त्याच्या भोवतालच्या टीचभर भागावर सावकाश, सलग ओतावे. एका तांब्याने भागत नाही, चार-पाच लिटर पाणी हाताशी ठेवावे. ओतणारा एक आणि मागून दाबणारा दुसरा, अशी दोन माणसे असली तर बरे. दाबणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत आणि पाणी थांबल्यावरच हात आत घालावा. दाब मधोमध न देता कडेकडून तळहाताने द्यावा. बंपर ‘टक्’ असा आवाज करून बाहेर येतो. आकार आला की लगेच गार पाणी ओतावे, म्हणजे प्लॅस्टिक त्या आकारात स्थिरावते. पहिल्या खेपेला थोडा खळगा राहिला तर पुन्हा तापवून दुसरी खेप करता येते.

हीट गन मात्र वापरू नये. उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, ही त्याची मोठी सोय आहे, तर हीट गन काही सेकंदांत रंगाला फोड आणते. ज्या जागी प्लॅस्टिक तीव्र घडी पडून पांढुरके झाले आहे, तिथली रेघ थोडीफार राहणारच. बंपर फाटला असेल किंवा त्याचे अडकवायचे कान तुटले असतील, तर प्लॅस्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे जावे. समोरच्या बंपरमागे रडार असणाऱ्या गाड्यांत तो उतरवल्यावर किंवा जाड रंगवल्यावर यंत्रणेत बिघाड संभवतो, त्यामुळे अशा गाडीचा बंपर सेवाकेंद्रातच उघडावा.

घरी करण्याजोगे: उथळ पोचा गोंदाने ओढणे

पोलादी पत्र्यावरचा, मधोमध पडलेला, बिनघडीचा आणि रंग शाबूत असलेला पोचा गोंदाच्या संचाने ओढून पाहता येतो. संचात प्लॅस्टिकच्या चकत्या, गरम गोंदाची गन आणि पुलासारखे दोन पायांवर उभे राहणारे ओढयंत्र असते. पूर्वी रंगवलेल्या किंवा लांबी भरलेल्या पॅनेलवर याला हात लावू नये.

जागा साबणाने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण तेलमुक्त करावी. पोच्याच्या रुंदीपेक्षा थोडी लहान चकती निवडावी, तिच्या तोंडावर गरम गोंद लावून ती पोच्याच्या सर्वात खोल जागी टेकवावी आणि गोंद गार होऊन घट्ट होईपर्यंत थांबावे. मग ओढयंत्राचे पाय पोच्याच्या बाहेर, सपाट भागावर टेकवून हळूहळू पीळ द्यावा. एका ओढीत सगळे काढण्याचा मोह टाळावा, कारण जास्त ओढलेला पत्रा टेंगळासारखा वर येतो आणि तो खाली बसवणे पोचा काढण्याहून कठीण असते. चकती सुटल्यावर उरलेला गोंद खरवडू नये. त्याच्या कडेला अल्कोहोल सोडले की तो आपोआप मोकळा होतो. प्रत्येक ओढीनंतर प्रतिबिंबाची रेघ पाहावी, वर आलेला कडा प्लॅस्टिकच्या बोथट खुंटीने हलके ठोकून बसवावा आणि पुन्हा ओढावे. चार-पाच ओढींत लक्षणीय फरक पडला नाही तर थांबावे. बरेचदा ऐंशी टक्के पोचा जातो आणि थोडी सावली उरते. ती तशीच ठेवावी की कारागिराकडून काढून घ्यावी, हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न आहे.

दाराच्या आतून दांडा घालून पोचा ढकलण्याचा प्रयत्न मात्र घरी करू नये. काचेच्या फटीतून स्क्रूड्रायव्हर घातल्याने काच फुटते, तारा तुटतात आणि काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर नेमका त्या पोकळीत असतो. दाराचे आतले पॅड काढल्यास त्यामागचा प्लॅस्टिकचा पडदा पूर्ववत चिकटवावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी गाडीच्या गालिच्यात उतरते.

रंग फुटला असेल तर

अशा वेळी पोचा बाजूला ठेवून आधी गंज थांबवावा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा असते, आणि उघड्या पत्र्यावर आठवडाभरातच तांबूस डाग दिसू लागतो. पावसाळ्यात इतरत्रही फारसा वेगळा अनुभव नसतो. गॅरेजची तारीख पुढची मिळाली असेल तरीही हे काम त्याच दिवशी करावे. जागा पूर्ण सुकवावी, गंज दिसत असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच घासून काढावा, अल्कोहोलने पुसावे आणि उघड्या पत्र्यावर आधी प्रायमरचा, मग टचअप रंगाचा पातळ हात द्यावा. रंगाचा नेमका कोड दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो. नुसते ‘पांढरा’ सांगितल्यास दुकानदार भलतीच छटा देतो, कारण एकाच कंपनीच्या पांढऱ्याच्या अनेक छटा असतात. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर मध्ये वेळ देऊन द्यावेत आणि शेवटी क्लिअरचा थर द्यावा.

लांबी भरून, घासून, संपूर्ण पॅनेल घरी रंगवणे मी सुचवणार नाही. हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळलेल्या रंगाच्या फवाऱ्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. साध्या कापडी मुखपट्टीने ती अडत नाहीत आणि त्यांनी दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो. लांबी पाण्याने घासली तर ती पाणी शोषून घेते आणि तिच्याखाली गंज धरतो, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि चंदेरी किंवा मोतिया रंगाची छटा तर बूथमध्येही सहज जुळत नाही.

कारागीर निवडताना

व्यावसायिक म्हणजे एकच माणूस नव्हे. रंगाला हात न लावता, पत्र्याच्या मागून विविध आकाराच्या दांड्यांनी पोचा काढणारा कारागीर वेगळा. या पद्धतीला पीडीआर (पेंटलेस डेंट रिपेअर) म्हणतात आणि मोठ्या शहरांत असे कारागीर आता मिळतात. दुसरे म्हणजे नेहमीचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज. रंग शाबूत असेल तर आधी पहिल्याकडे जावे. मराठवाडा-विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होणाऱ्या गारपिटीने छतावर आणि बॉनेटवर जे असंख्य उथळ खळगे पडतात, ते या पद्धतीचे अगदी योग्य काम आहे, कारण गार सहसा रंग फोडत नाही. कोकणात छतावर नारळ पडून झालेल्या खोल पोच्यात मात्र छताचे अस्तर उतरवावे लागते आणि पत्रा जास्त ताणला असेल तर रंगकाम टळत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर किती रुपये, हे विचारण्याआधी काम कसे करणार हे विचारावे. पत्रा खेचून जागेवर आणणार की खळग्यात लांबी भरणार? चांगला कारागीर पत्र्यावर वॉशर किंवा पिन वेल्ड करून तो खेचतो आणि लांबीचा उपयोग शेवटची मिलिमीटर-दोन मिलिमीटर समपातळी आणण्यापुरताच करतो. खेचण्याआधी बॅटरीचे जोड काढणार का, हेही विचारावे, कारण वेल्डिंगचा प्रवाह गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला धोका पोहोचवू शकतो. ‘लांबी भरण्याआधी मला एकदा पाहायला बोलवा,’ असे स्पष्ट सांगावे. प्रामाणिक गॅरेजला याचा राग येत नाही. रंग हार्डनरचा आहे का, बूथमध्ये मारणार का आणि छटा विरवण्यासाठी शेजारच्या पॅनेलवर किती भाग रंगवणार, हे सगळे अंदाजपत्रकात लेखी घ्यावे. सुरुवातीला उरकलेले काम दिसायला छान असते, पण एक पावसाळा गेला की जाड लांबीच्या कडेने भेग दिसू लागते.

विम्याचा हिशेब

लहान पोच्यासाठी दावा करावा का, याचे उत्तर आकडे मांडल्यावरच मिळते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये स्वतः भरावे लागतात. झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा न कापण्याचे, जादा संरक्षण नसेल तर बदललेल्या प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि रंगाच्या साहित्यावरही तितकाच. दोन वेगवेगळ्या प्रसंगी पडलेले पोचे एका दाव्यात दाखवता येत नाहीत.

यापेक्षा मोठा खर्च नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सवलत गमावण्याचा असतो. दावा न केलेल्या सलग वर्षांसाठी हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढत जातो आणि तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. समजा हा हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला आहे. दावा केला की पुढच्या नूतनीकरणात तो शून्य होतो. पुन्हा ५० पर्यंत जाताना पाच नूतनीकरणांत मिळून ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० असे एकूण १०,००० रुपये जास्त जातात. हप्ता दरवर्षी थोडा बदलेल, पण प्रमाण हेच राहते. म्हणून बोनस वाचवणारे जोडसंरक्षण घेतलेले नसेल, तर एका पॅनेलच्या रंगकामासाठी दावा करणे बहुधा परवडत नाही. गारपिटीने संपूर्ण छत आणि बॉनेट खराब झाले असेल तर मात्र जरूर करावा. दावा करायचा असल्यास पाहणी होईपर्यंत गाडीला हात लावू नये, कारण आधीच दुरुस्त केलेल्या नुकसानीचे पैसे सहसा मिळत नाहीत.

गाडी ताब्यात घेताना

गाडी संध्याकाळी किंवा गॅरेजच्या दिव्याखाली ताब्यात घेऊ नये. दिवसाच्या उजेडात, सुरुवातीला ज्या तिरक्या नजरेने पोचा पाहिला होता त्याच नजरेने पॅनेलवरची प्रतिबिंबे पाहावीत. दार आणि फेंडरमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, रबरी बीडिंगवर आणि काचेवर फवाऱ्याचे ठिपके उडाले आहेत का, काच खाली-वर होते का, सेंट्रल लॉक आणि पार्किंग सेन्सर चालतात का, हे एकेक करून तपासावे. दाराच्या तळाशी पाणी बाहेर जाण्याची छिद्रे असतात. ती लांबीने किंवा रंगाने बुजली असतील तर तिथल्या तिथे मोकळी करून घ्यावीत. नवा रंग आतून पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पहिला महिनाभर त्यावर वॅक्स किंवा रबिंग पॉलिश करू नये, गाडी फक्त साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवावी आणि पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला तर तो त्याच दिवशी भिजवून काढावा.